वीणा खाली ठेवायची नाही

अंबादासबुवांची आणि माझी पहिली भेट एका शेरवानीमुळे झाली. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तीन-चार वर्षं लोटली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मी जालन्याहून मंठ्याला मास्तर म्हणून रुजू झालो होतो. माझं स्वतःचं शिक्षण सारं उर्दूत झालेलं आणि अंगात वडिलांनी हौसेने शिवून दिलेली शेरवानी. आता राज्य बदललं, तेव्हा वेषही बदलावा म्हणून ती कापून कोट करून घ्यायला मी बाजारातल्या एका शिंप्याच्या ओट्यावर गेलो. मशीनवर बसलेल्या गृहस्थांनी, म्हणजे बुवांनीच, शेरवानी उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्याच हातात परत दिली.

"कापड बिलकुल चांगलं हाय, मास्तर. कशाला कापता? कोट घातला तरी आतला माणूस त्योच ऱ्हातो."

मला राग आला. तेवीस वर्षांचं वय, त्यात मास्तरकी. कोट मात्र मी करूनच घेतला. बुवांनी तो दीड महिन्याने दिला. पंचाहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात दोष लिहू नयेत असा संकेत आहे, पण बुवांनी कुणाचा कपडा वेळेवर दिला असं मी लिहिलं तर सगळा मंठा हसेल. त्यांच्याकडे दिवाळीला शिवायला टाकलेला सदरा संक्रांतीला मिळायचा. भजनी मंडळाचे प्रमुख असूनही त्यांचा आवाज फाटका. "देवाला सवय झाली हाय," असं आमच्या कावेरीकाकू, म्हणजे बुवांच्या सौभाग्यवती, खुशाल चारचौघांत सांगत.

हे भजनी मंडळ मारुतीच्या देवळातलं. दर एकादशीला दुपारी भजन होई, भगरीचा आणि शेंगदाण्याच्या आमटीचा फराळ होई आणि मग मंडळी घरी जात. बुवांनी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. "देवासंगं तर रोजच बोलतो, पंधरा दिवसांतून एकदा एकमेकांसंगं बोलू," असं म्हणून त्यांनी देवळापुढच्या लिंबाखाली सभा सुरू केली. हुंडा, मुलींची शाळा, सालगड्यांना मिळणारी वागणूक असे विषय तिथे निघू लागले. लिंब देवळाबाहेर होता, त्यामुळे कुणालाही येऊन बसता येई. वेशीबाहेरच्या दलित वस्तीतली माणसंही येत, पण जरा लांब बसत आणि बोलत नसत.

पहिल्या काही सभांत नुसता गोंधळ झाला. ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं. तेव्हा बुवांनी सप्त्यातली वीणा सभेत आणली. अखंड नामसप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, मान काही पाहायचं नाही. टेकली तर सप्ता मोडला, पुन्हा पहिल्यापासून. बुवांनी हाच नियम सभेला लावला. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याने बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. बोलून झालं की शेजारच्याला द्यावी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मंठ्यात आज असं सांगतात की बारव सर्वांना खुली झाली ती मास्तरांच्या, म्हणजे माझ्या, भाषणाने. या ग्रंथासाठी आलेल्या दोन लेखांतही तसंच लिहिलेलं मी वाचलं. बुवा हे ऐकून नुसते हसतात, खोडून काढत नाहीत. म्हणून मीच ते खोडतो आहे.

त्या एकादशीला विषय बारवेचाच होता. देवळामागची ती पायऱ्यांची विहीर साऱ्या गावाला पाणी पाजी. दलित वस्तीतल्या बायका मात्र वरच्या पायरीवर घागरी घेऊन उभ्या राहत. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, नाहीतर दुपारपर्यंत ताटकळणं. त्यांच्यातल्या गयाबाई त्या दिवशी बुवांनी हाताला धरून पुढे आणून बसवल्या होत्या, नेमक्या माझ्या शेजारी. त्यांच्या पलीकडे मंडळाचे पखवाजवाले किशनराव पाटील होते. सगळ्या गावाचं लक्ष पाटलांकडे लागलेलं. ते गयाबाईंकडून वीणा घेणार का?

माझी पाळी आली. नवा कोट घातला होता. मी समतेवर असा काही बोललो की मला स्वतःलाच भरून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी गयाबाईंकडे वळलो. त्या हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे पाय मला दिसले, धुळीने भरलेले, टाचांना भेगा पडलेले. आणि माझे हात थांबले. काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी गळ्यातली वीणा काढली आणि समोरच्या पाटावर ठेवून दिली, म्हणजे ती त्यांनी आपली आपण उचलून घ्यावी.

टाळ्या थांबल्या. गयाबाई मागे जाऊन आपल्या जागी बसल्या.

"मास्तर," पाटील म्हणाले, "भाषन मात्र लई बराबर केलंत."

बुवांनी वीणा उचलली, कपाळाला लावली आणि एवढंच म्हणाले, "वीणा टेकली. येत्या एकादशीला हाच विषय, पहिल्यापासून."

मी खोलीवर आलो आणि बदलीचा अर्ज लिहायला घेतला. मंठ्यात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच बुवा दारात उभे. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा.

"काय करून राह्यले, मास्तर?"

मी कागद झाकला. त्यांनी तो झाकलेला पाहिला.

"अर्ज लिहिताय? लिहा की. पन एकादशी झाल्यावर टाका."

"बुवा, मला जमणार नाही. माझे हातच चालले नाहीत."

"माझे तरी कुठं चालले होते?" बुवा खाली बसले. "काल गयाबाईला हाताला धरून आनलं ते तुम्ही पाह्यलं. त्याच्या आधी चार रोज मी घरात काय केलं ते पाह्यलं न्हाई. हिच्या गळ्यात वीना घातली आन रोज हिच्या पाया पडलो. जनमभर बायकोच्या पायाला हात लावला न्हाई मी, बाईमानसापुढं वाकायची सवयच न्हाई. पहिल्या दिवशी माझी कंबर वाकंना. ही तर हसून हसून बेजार. मंग हिनंच सांगितलं, डोळे मिटू नका, पायाकडं बघूनच वाका, म्हंजी जमतं. सवय हाय मास्तर ती. लावली की लागती."

भाकरी खाताना मला रडू आलं. बुवांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि ठेचा तिखट झाला असेल म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस शाळा सुटल्यावर मी बुवांच्या घरी जात होतो. कावेरीकाकू गळ्यात वीणा घालून उभ्या राहत आणि मी वाकत असे. "आणखी खाली, मास्तर, गुडघ्याला पाया म्हनत न्हाईत," असं त्या बजावत. गावात याचा चकार शब्द फुटला नाही.

एकादशीला मी जुनाच सदरा घालून गेलो. वीणा माझ्याकडे आली तेव्हा मी एवढंच बोललो, "मागल्या खेपेला वीणा मी टेकवली. चूक माझी होती." मग डोळे उघडे ठेवून वाकलो. गयाबाई दचकून मागे सरल्या, पण मग रिवाजाप्रमाणे त्याही वाकल्या, आणि वीणा त्यांच्या गळ्यात गेली.

"मला भाषन येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी सकाळी बारवेवर गेल्ते. आत्ता इथं येईस्तोवर पानी भेटलं न्हाई. घागर तिथंच ठिवून आले. एवढंच."

त्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी पखवाज बाजूला सारला. अंगाने भारी माणूस, त्यांना उठायला वेळ लागला. वाकायला त्याहून जास्त लागला. वीणा गळ्यात घेऊन ते सभेकडे न वळता गयाबाईंनाच म्हणाले, "चला, घागर भरून घ्या. मी पायरीवर बसतो. कोन काय म्हनतं ते पाहू."

सभा तशीच उठून बारवेवर गेली. गयाबाई एकेक पायरी उतरल्या आणि त्यांनी आपल्या हाताने घागर बुडवली.

सगळं गाव लगेच शहाणं झालं असं नाही. चार घरांनी मंडळ सोडलं, काहींनी बुवांकडे कपडे टाकणं बंद केलं. बुवा म्हणाले, "बरं झालं, आता राहिलेल्यांचे तरी जल्दी होतील." तेही झाले नाहीत. पण एकादशीची सभा चालू राहिली, आणि मी नोकरी संपेपर्यंत मंठ्यातच राहिलो. तो बदलीचा अर्ज आजही माझ्या ट्रंकेत आहे.

आता मशीन बंद आहे. बुवांचे हात थरथरतात. कावेरीकाकू नाहीत, पाटील नाहीत, गयाबाईही गेल्या. ते लिंबाखालचे दिवस आठवले की जीव हळवा होतो, आणि मी तो होऊ देतो. या अमृतमहोत्सवाची परवानगी मागायला आम्ही गेलो तेव्हा बुवांनी एकच अट घातली. शाल-श्रीफळ नको, फक्त एकादशीची सभा भरवा. तेव्हा त्या दिवशी वीणा बुवांच्या गळ्यातून निघेल आणि त्यांच्या शेजारी मी बसलेला असेन.

बुवा, तुम्ही वाकू नका, तुमची कंबर आता खरंच दुखते. तुमच्या वाटचं मी वाकेन, पायाकडे बघून, काकूंनी शिकवलं तसं. बोलून झालं की वीणा सगळ्या सभेतून फिरेल आणि पुन्हा तुमच्याच गळ्यात येईल. मग ती तिथेच राहू द्या. पुष्कळ एकादश्या राहू द्या. कपडे द्यायला जेवढा उशीर केलात, तेवढाच ही वीणा द्यायलाही करा. आमची काही घाई नाही.