खाडीतले खुंट

मी मराठवाड्यातली. खाडी पहिल्यांदा पाहिली ती पीएच.डी.ला नाव घातल्यावर, आणि तीही ओहोटीच्या वेळी, म्हणजे नुसता काळा चिखल. माझ्या गाईड मॅडमनी विषय दिला होता तो असा: जासईकडच्या खाडीत बायका हातांनी खुबे वेचतात, त्यामुळे खुबे कमी होतात का? खुबे म्हणजे चिखलात राहणारे गोल शिंपले, इकडे त्यांचं कालवण करतात. मी शाकाहारी घरातली. ज्याच्यावर डॉक्टर व्हायला निघाले होते ते मी कधी चाखलंही नव्हतं.

राहायला होते पनवेलला, खांदा कॉलनीत, एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत. मालकीणबाई बहुतेक वेळ मुलाकडे परदेशात, त्यामुळे घरात मी आणि बंद केलेला टीव्ही. रिक्षावाल्याला ‘स्टँड’ म्हणायचं, दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’, की दिवसभराचं बोलणं संपलं. आईचा फोन आला की आधी घसा खाकरावा लागे. इथे सगळं छान आहे, असं मी तिला सांगत असे. छान काही नव्हतं. मला भयंकर एकटं वाटायचं, आणि त्याचा सगळा राग मी पनवेलवर काढायचे. माणसं कोरडी आहेत, असं माझं ठरून गेलं होतं.

काम मात्र मन लावून करत होते. पाड्यावरून बायका खाडीत उतरतात त्या वाटेशेजारी मी मीटरभर लांबी-रुंदीचे सहा चौकोन आखले. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना बांबूचे खुंट ठोकले, भोवती निळी दोरी बांधली. असेच सहा चौकोन वळणापलीकडे, कंटेनर यार्डाच्या भिंतीखाली. तिथे उतरायला धड वाट नाही, म्हणून बायका जात नाहीत. मी तिवरांच्या झाडीतून वाकून जायचे. दर महिन्याला मोठ्या ओहोटीला प्रत्येक चौकोनातला थोडा चिखल चाळायचा, खुबे मोजायचे, परत सोडायचे. जिथे वेचतात तिथे कमी आणि जिथे वेचत नाहीत तिथे जास्त निघाले, तर वेचण्याचा परिणाम होतो. हिशेब इतका सरळ.

बायका रांगेने यायच्या, कमरेला टोपली, हातात कोयती. माझ्याजवळ आल्या की वळसा घालून जायच्या. आपसांत हसत-बोलत असायच्या, माझ्यापाशी आवाज उतरायचा. मी ते मनाला लावून घेतलं. पँट वर करून चिखल चाळणारी ही कोण वेडी, असं त्यांना वाटत असणार. मग मीही मान वर करायची नाही असं ठरवलं. तुसडेपणात मी कुणाला हार जात नाही.

आठ महिन्यांनी आकडे मांडले तर दोन्हीकडे खुबे सारखेच. म्हणजे वेचण्याने काही फरक पडत नाही. मॅडम खूश झाल्या. पंधरा दिवसांनी समितीपुढे सादरीकरण होतं, तिथे हेच ठासून सांग म्हणाल्या. त्या दिवशी मी स्वतःसाठी श्रीखंड आणून खाल्लं. सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

सादरीकरणाआधीच्या ओहोटीला मी चाळणी धुवत होते. सगळ्यांत वयस्कर मावशी जवळून गेल्या, थांबल्या, माझ्या चाळणीत डोकावल्या.

“तुजी जागा बरी भरलीय गो,” त्या म्हणाल्या. “आमी हात नाय लावला. पोरांना पन सांगून ठेवलंय, त्या पोरीनं खुंट मारलेत, तिकडं जायाचं नाय.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनाच खोदून विचारलं, तेव्हा कळलं. त्यांच्याकडे खाडीत ज्याने जाळ्यासाठी खुंट ठोकला, ती जागा त्याची. दुसरा कोणी तिथे उतरत नाही. माझे सहा चौकोन त्यांनी आठ महिने माझे म्हणून राखले होते. जिथे वेचतात तिथली म्हणून मी जी जागा मोजत होते, तिथे कुणी वेचतच नव्हतं. आकडे सारखे येणार नाहीत तर काय होईल?

मी विचारलं, मावशी, मला आधी का नाही सांगितलंत?

“तू कवा बोललीस?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

परत येताना एसटीत डोकं भणभणत होतं. गप्प बसले असते तर समितीतल्या कुणाला पत्ता लागला नसता. मॅडम खूश, मी खूश. पण माझ्या प्रबंधात त्या बायकांबद्दल काहीतरी खोटं लिहिलं गेलं असतं, आणि ते खोटं त्यांच्या चांगुलपणावर उभं असतं. ते माझ्याच्याने होईना. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सादरीकरण पुढे ढकलू, वाटेजवळचे चौकोन नव्याने आख, पण कुणाला दिसणार नाहीत असे. आठ महिने गेले ते गेले.

पुढच्या ओहोटीला मी खुंट उपटायला गेले. चिखल सोडत नव्हता, एकेका खुंटाला दोन्ही हातांनी हलवून काढत होते. शेवटचा निघाला तेव्हा मागे मावशी उभ्या होत्या. त्यांनी उपटलेल्या खुंटांचा ढीग पाहिला. त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही थांबल्या होत्या.

“चाललीस का?” मावशींनी विचारलं. “आता येनार नाय?”

दीड वर्षात पनवेलमध्ये मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी येणार आहे असं सांगायला तोंड उघडलं, आणि घसा खाकरावा लागला.