सायलेन्सरचं तोंड कुणीकडं

चिंचणीच्या एका चिकूवाडीवर ट्रॅक्टर चालवणाऱ्या दादांनी मला सांभाळून घेतलं. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढची हकीकत वाचून शहाणपण माझं होतं असं कुणाला वाटायचं. माझं शहाणपण नववीपर्यंत बरं चाललं होतं. मग शाळाच सुटली.

मी परभणीकडचा. बोईसरला वेल्डिंगच्या वर्कशॉपात लागलो तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "एक महीना देखेंगे." तिकडे आईने गल्लीभर सांगून टाकलं की पोरगं कंपनीत चिकटलं. म्हणजे परत जायची वाट तिने माझ्या आधीच बंद केली होती.

दोन आठवडे झाले असतील, तेव्हा तो छोटा ट्रॅक्टर आला. चालवत दादा आले, मागून मोटरसायकलवर वाडीचे मालक आणि त्यांचे धाकटे भाऊ. तक्रार अशी की, बॉनेटवर उभा असलेला सायलेन्सर चिकूच्या फांद्यांना अडकतो, फळं पडतात, पानं करपतात. त्याची जागा बदलायची.

मिस्त्रींनी काम माझ्याकडे ढकललं. "तू कर. देखते हैं क्या आता है तेरे को."

आमच्या गावाकडं सायलेन्सर आभाळाकडं तोंड करून उभा असतो. झाडं कमी, आणि आभाळाने धुराबद्दल कधी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही. त्यामुळे सायलेन्सरला जागा निवडावी लागते हेच मला नवीन. तरी मी खडू घेतला आणि फरशीवर ट्रॅक्टर काढला.

मालक म्हणाले, "वर नको. माझ्या फळाला धूर लागता कामा नये."

धाकटे म्हणाले, "डावीकडं नको. डावीकडं आमचा ओटा आहे."

"ट्रॅक्टर वळला का ओटा उजवीकडं येल ना, भाऊ?" दादांनी विचारलं.

"तू गप रे. तुला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून धाकट्यांनी डावी बाजू माझ्याकडून खोडून घेतली.

मिस्त्री लांबूनच ओरडले, "नीचे मत ले, तीन बेंड लगेंगे!"

मला प्रत्येकाची भीती वाटत होती, म्हणून मी प्रत्येकाचं ऐकलं. पाईप बॉनेटच्या उंचीला कापला, टोकाला एकच बेंड मारला आणि तोंड उजवीकडं केलं. मालकांनी मोबाइलवर फोटो काढला. सगळे खूश. त्यातला धूर आता सीटवर बसणाऱ्याच्या नाकाशीच येणार होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या चित्रात चार चाकं होती, ओटा होता, सीटवर माणूस नव्हता.

महिना भरायला दोन दिवस उरले असताना मालक परत आले. मागे दादा, डोळे लाल, गळ्यात टॉवेल.

"हा एक दिवसाआड सुट्टी मागतो," मालक म्हणाले. "धूर लागतो म्हणे! पाईप चुकलाय का हा नाटकं करतोय, ते एकदा सांगा."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली आली, आणि तोंड काही उघडेना. दादा माझ्याकडे बघत होते.

"पायपात काय नाय," ते म्हणाले. "नट ढिला झालेला, मीच लक्ष नाय दिला. या वेल्डिंगवाल्या भाऊला पाठवा वाडीवर, घट्ट करून देल."

"बघा! मी म्हटलंच होतं," मालक म्हणाले.

वाडीत गेल्यावर दादांनी मला सीटवर बसवलं.

"मला चालवता येत नाही, दादा."

"मंग तर बराच. हळू जाल, धूर जास्त भेटेल."

त्यांनी पहिला गिअर टाकून दिला आणि बाजूने चालत राहिले. चिकूची एक रांग संपेपर्यंत मी खोकून खोकून अर्धा झालो.

"नट घट्ट हाय का?" त्यांनी विचारलं.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, "तुम्ही तिथंच का नाही सांगितलं?"

"सांगितला असता तर तुमी गावाला गेला असता. नवा कोणी आला असता, तो पण मालकालाच विचारणार."

पाईप खालून मागे नेऊन ट्रॉलीजवळ सोडावा, असं मी सुचवलं. माझ्या मते डोकं लावलं होतं. दादांनी मान हलवली. "ट्रॉलीत बाया बसतात, त्यांची बारकी पोरां असतात." मग आम्ही ट्रॅक्टरभोवती फिरलो, दोरी लावून बघितली, आणि शेवटी जागा ठरली. उजवीकडं, पायरीच्या खाली, मोठ्या चाकाच्या पुढं, तोंड बाहेर. बेंड तीनच लागले.

मिस्त्रींनी बेंड मोजले आणि कपाळाला हात लावला. पण मालक म्हणाले, "हे आधीच का नाही सुचलं?" तेव्हा मिस्त्री पटकन बोलून गेले, "लड़का सोच रहा था." त्या एका वाक्यावर मी कामाला कायम झालो. विचार मी केलाच नव्हता, पण ते सांगायची हिंमत त्या दिवशीही झाली नाही.

आजही मालक भेटले की दादांना माझ्यासमोर बजावतात, "नट बघत जा रे!" दादा मान डोलावतात. मी बुटांकडे बघतो.

मागे एकदा दादांनी मला डोंगराकडच्या त्यांच्या पाड्यावर जेवायला नेलं. वहिनी चुलीशी भाकरी थापत होत्या, डोळे पदराने पुसत. घरभर धूर, जायला वाट नाही. मी सवयीने भिंतीकडे बोट दाखवलं, "इथून पाईप काढला तर?"

"तिकडून वारा येते," वहिनी म्हणाल्या. "सगला परत घरात."

दादा मोठ्याने हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

वर्कशॉपात उरलेले पाईपचे तुकडे मिस्त्रींना विचारून मी आता बाजूला ठेवतो. एक दिवस दादांच्या घरी धुराडं बसवून देईन. त्या दिवशी आधी वहिनींच्या जागेवर चुलीसमोर बसेन, पोटभर खोकेन, त्या सांगतील ते ऐकेन, आणि मगच खिशातला खडू काढेन.