बरा झाल्याची साक्ष

"एमडीआर टीबी आहे," बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एमडीआर म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी. मग माझ्या मालकांना त्यांनी विचारलं, "पहिला कोर्स अर्ध्यात का सोडला?"

ह्यांनी मान खाली घातली. मीच म्हणाले, "साक्ष दिली म्हणून."

बाईंना कळलं नाही. तुम्हाला सांगते. आमच्या माजलगावच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभूनं काही भलं केलं की रविवारी उपासनेत उभं राहून सगळ्यांना सांगायचं, ती साक्ष. पहिल्या गोळ्यांनी ह्यांचा खोकला थांबला, अंग भरलं. टीबीत असंच होतं, माणसाला बरं वाटतं अन् जंतू आत जिवंत असतात. हे उठले अन् म्हणाले, प्रभूनं मला पूर्ण बरं केलं. बाया रडल्या. पाळकसाहेबांनी ह्यांना शिरूर कासारपर्यंत गावोगाव साक्षीला फिरवलं. आता बरा झालेला माणूस गोळी कशी खाणार? पाकिटं चुलीत गेली. मी भांडले तर म्हणाले, "तुझ्यात इस्वासच न्हाई."

मग खोकल्यातून रक्त पडलं, अन् गावोगावची आमंत्रणं बंद झाली.

वॉर्डात पाळकसाहेब एकदा आले. नाकाला रुमाल लावून दारातूनच प्रार्थना केली. जाताना म्हणाले, "याकोबभाऊ, इस्वास कुठंतरी कमी पडला बघा." फिरवताना विश्वास लई होता, रक्त पडल्यावर कमी पडला.

नव्या गोळ्या वाईट. तळपाय जळतात, कातडी काळी पडते. तुमच्या माणसाला चालू झाल्या तर घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगत राहा. मंडळीतली एक बाई ह्यांचा काळवंडलेला चेहरा बघून मला म्हणाली, "पाप असं वर येतंय बाई." मेलीनं वर डाळिंबं आणली होती.

ते ह्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गादीखाली मला थुंकलेल्या गोळ्या सापडल्या. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आता ह्या सोडल्या तर पुढं द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही."

मी खाटेजवळ बसले अन् तोंडावर सांगितलं, "देव खोटा न्हाई. तुमी खोटं बोलला."

हे रडले. मला दया आली नाही, खरं सांगते. रडू आवरल्यावर म्हणाले, "गोळ्या खाल्ल्या तर मंडळीला काय तोंड दाखवू?"

"मी दाखवते," मी म्हणाले.

रविवारी उपासनेत मी उभी राहिले. "माझे मालक बरे झाले न्हाईत. तवाबी झाले नव्हते. औषधानं उतार पडला होता, अन् ते औषध आपण समद्यांनी मिळून सोडायला लावलं." एकाही तोंडातून आमेन निघालं नाही. पाळकसाहेबांनी घाईनं गाणं सुरू केलं. माझ्या बाकावरच्या बाया सरकून बसल्या.

ह्यांना सगळं सांगितलं. "माझी इज्जत घालवलीस," म्हणाले अन् भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी नर्स गोळ्या घेऊन आली तेव्हा मात्र हात पुढं केला.

आता घरी आहोत. कोर्स चालू आहे, बरे होतील की नाही ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. चर्चला मी जाते, मागं बसते. पूर्वी पाळकसाहेब म्हणतील तिकडं माझी वाट होती. आता सकाळी ह्यांच्यासमोर बसून मीच प्रभूचे आभार मानते. डोळे मिटत नाही. गोळी घशाखाली गेलेली दिसली की मग आमेन म्हणते.