तुलनेचा तुकडा

दोघा भावांच्या शेतावर प्रयोग होता. तुंबलेल्या भातखाचरातून हवा तापवणारा वायू निघतो, म्हणून धाकट्याने आपल्या तुकड्यातलं पाणी अधूनमधून आटू द्यायचं आणि थोरल्याने, तुलनेसाठी, काहीच बदलायचं नाही. हे काम थोरल्याने आनंदाने पत्करलं. जन्मभर तो तेच करत आला होता.

“दादा, भात आहे की म्हैस? किती डुंबवशील?” धाकटा बांधावरून ओरडायचा.

“तुझं तहानेनं मेलं की ये माझ्याकडे पाणी मागायला!”

पुढच्या लावणीआधीच थोरला गेला. प्रयोगवाल्या बाईंनी संकोचत विचारलं, “तो तुकडा दादा करायचे तसाच कराल?”

धाकट्याने केला. पाणी काठोकाठ ठेवलं, खत सैल मुठीने फेकलं. ज्या चुकांवरून तो वर्षानुवर्षं भांडला, त्या सगळ्या त्याने निगुतीने केल्या.

कापणीनंतर बाई खुशीत होत्या. “तुमचंच खरं ठरलं. कमी पाण्यात तेवढंच भात, वायूही निम्मा. आता दोन्ही तुकडे नव्या पद्धतीने करा, तुलनेची गरज उरली नाही.”

जन्माचं भांडण धाकटा जिंकला होता. तो थोरल्याच्या तुकड्याकडे बघत राहिला.

“एखादं वर्ष अजून असू द्या, बाई,” तो म्हणाला. “दादा इतक्यात ऐकायचा नाही.”