बुवापाड्यातला पायऱ्यांचा जोड

ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. नावं देत नाही, कारण त्यातली बहुतेक माणसं आजही तिथेच राहतात.

अंबरनाथच्या बुवापाड्यात, एका गल्लीत साचलेल्या पाण्यात पाय पडला आणि एक तरुण जागीच गेला. पहिली पाळी संपवून घरी येत होता. रस्त्याखालच्या केबलमधून पाण्यात करंट उतरला होता. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि तपास माझ्याकडे आला. मी भंडाऱ्याकडचा. दहावीनंतर शाळा सुटली, काही वर्षं बोअरवेलच्या गाडीवर राबलो, मग शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्यातली परीक्षा देऊन उपनिरीक्षक. खात्याने एवढं दिलं, ते आपल्या हातून बिघडू नये ही धाकधूक मला निवृत्तीपर्यंत होती.

रस्ता खणायच्या आधीच ठाण्यात निनावी फोन आला. "कोपऱ्यावरच्या वर्कशॉपसमोर केबलचा जॉइंट आहे. पिऊन मारलाय तो. जॉइंटर गल्लीतलाच आहे, उचला त्याला."

खणलं तर खरंच तिथेच जोड सापडला, जळलेला. पंचनामा करून तुकडा सीलबंद केला. ठेकेदाराकडे केबलचे जोड मारणारा जॉइंटर त्याच गल्लीत राहायचा आणि उन्हाळ्यात तिथली केबल त्यानेच दुरुस्त केली होती. त्याला चौकशीला आणलं तेव्हा ठाण्याबाहेर अख्खी गल्ली उभी होती.

मी तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "तुझाच ना?"

"नाही साहेब. माझा जॉइंट डब्यात असतो. तारा जोडायच्या, डबा बसवायचा, वरून कंपाउंड ओतायचं. दगडासारखं घट्ट होतं ते, पाणी शिरतच नाही. ह्याला नुसती टेप आहे."

आमचा हवालदार हसला. "डबा विकून खाल्लास आणि टेप गुंडाळलीस. आम्हाला काय येडा समजतो का रे?"

"माझा तिकडे नाल्यापाशी आहे. खणून बघा ना."

"तो डब्यात, हा टेपात. एक काम नीट, एक उरकलेलं. होतं असं."

 तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गेलेला पोरगा माझ्या वरातीत नाचला होता साहेब. उद्या कोर्ट मला सोडेल, गल्ली नाही सोडणार."

वरिष्ठ म्हणाले, "अटक दाखवून टाक. बाहेरचे लोक घरी जातील." मला धीर होत नव्हता. म्हटलं, "साहेब, विद्युत निरीक्षकांसमोर एकदा तुकडा उघडू द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "संध्याकाळपर्यंत," म्हणाले. त्या एका शब्दाचे उपकार मी विसरलेलो नाही.

निरीक्षकांनी टेपचे पदर सोडवले. आतल्या तारा एका जागी जोडलेल्या नव्हत्या. एक इथे, दुसरी थोडी पुढे, तिसरी आणखी पुढे, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. मी उठून उभाच राहिलो. बोअरच्या गाडीवर असे जोड मी रोज बघायचो. पाण्यातल्या मोटरची केबल अरुंद पाइपातून खाली जाते, जोड फुगला तर अडकतो. म्हणून तारा पुढेमागे जोडून तो सडपातळ ठेवतात. निरीक्षकांना सांगितलं. तेही वाकून बघत म्हणाले, "खरंय. डब्यात भरायचा असता तर असं कोण करेल? मावणारसुद्धा नाही."

असली टेप कुणी नेली हे विचारायला मग गेलो उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये मोटरपंपाचं सामान विकणाऱ्या एका सिंधी शेठकडे. त्याने ताबडतोब सांगितलं. "साईं, बदलापूरका मिस्त्री टेप ले गया था. बोला बुवापाड्यात वर्कशॉपवाल्याचं काम आहे. मी बोललो, उधर बोअर किधर है? तो नुसता हसला."

मिस्त्रीला आणलं. काही न सांगता केबलचे दोन तुकडे आणि टेप दिली. "जोडून दाखव." त्याने मन लावून जोडलं, पायऱ्या पायऱ्यांनी. मग बादली मागून जोड त्यात बुडवला. "ठेवा महिनाभर साहेब. थेंब शिरला तर मिशी काढीन."

मी जळका तुकडा शेजारी ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"हा... रस्त्यातला."

"कुणी केला?"

"मीच. वर्कशॉपवाल्याने पाण्याच्या पाइपासाठी खणताना कुदळ केबलवर घातली. लाइट तेव्हा दुरुस्तीसाठी बंदच होती. केस होईल म्हणून घाबरला, मला म्हणाला, गुपचूप जोडून दे." मग बादलीतल्या जोडाकडे बोट दाखवून म्हणाला, "बोअरमध्ये जोड लटकतो साहेब. त्याच्यावरून टेम्पो जात नाही. मी सांगितलं होतं, वाळू टाक, वर विटा मांड. त्याने तेच डबर लोटलं."

गाड्यांच्या वजनाने दगड टेपात रुतला होता. वर्कशॉपवाला आधी "मला काय माहीत" म्हणत राहिला. मी विचारलं, "रस्ता खणण्याआधी तिथे जॉइंट आहे हे फोन करणाऱ्याला कसं कळलं?" मग खाली बसला. तो फोन त्यानेच केला होता. हयगयीने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोघांवर गुन्हा दाखल झाला. मिस्त्रीने एकदाही टाळाटाळ केली नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

जॉइंटरला मी स्वतः गल्लीत सोडायला गेलो, वर्दीत, पायी, सगळ्यांना दिसेल असा. गेलेल्या मुलाच्या दारापाशी तो थबकला.  मुलाची आई बाहेर आली.

"ह्याचा नव्हता?" तिने मला विचारलं.

"नव्हता, आई."

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "जलदान विधीला दारात मांडव घालतोय. लाइट तूच जोड. दुसऱ्या कुणाला मी वायरीला हात लावू देणार नाही."

त्या प्रकरणानंतर मी संशयिताला कुठे होतास हे विचारण्याआधी काम कसं करतोस हे विचारू लागलो. आणि गुन्हेगार आयता हातात देणाऱ्याला आधी विचारायचं, तुला कसं माहीत? पण खरं सांगायचं तर माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्या दुपारी मी अटकेवर सही केली असती, तर त्या माउलीने मांडवातली वायर कुणाच्या हातात दिली असती?