सेंगा इम्रीचा पाच नंबर

किलमारोच्या समुद्रकाठी नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे आणि पहिल्या होलच्या तोंडाशी एक हिरवी खोपटी. त्या खोपटीत सेंगा इम्री एकवीस वर्षं बसत होती. काम साधंच. वहीत बघून कर्ण्यावर नाव पुकारायचं आणि माणसाला खेळायला सोडायचं. पण हाती माईक आल्यावर नुसतं नाव पुकारून गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"मिस्टर पिरी, खुंटी खाली दाबा! एवढ्या वाऱ्यात चेंडू मारताय की पतंग उडवताय?"

मिस्टर पिरी निमूट चेंडूखालची खुंटी जमिनीत दाबत. अख्खं गाव दाबत असे. सेंगाचे वडील जन्मभर याच मैदानावर लाकडी दांडे दुरुस्त करत होते आणि त्यांच्या शिकवणीत सेंगाने काना-मात्रेचा फरक केला नव्हता. चेंडू बुटक्या खुंटीवर ठेवायचा, मान वर करायची नाही, आणि तिसऱ्या होलला पाच नंबरचा लोखंडी दांडा घ्यायचा. दांड्यावरचा आकडा वाढतो तसं पातं जास्त कलतं, चेंडू उंच जातो पण अलीकडेच पडतो. "सात नंबराने तिसरं होल गाठणारा या गावात अजून जन्मायचाय," असं ती छातीठोकपणे सांगायची.

एप्रिलात हेक्टर लम्सडेन नवा संच घेऊन आला. चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवून तो नुकताच मोकळा झाला होता आणि सत्तरीची भेट म्हणून जावयाने त्याला चकचकीत दांडे दिले होते. हेक्टर आणि सेंगा एकाच बाकावर शिकलेले, त्यामुळे एकमेकांची खोडी काढल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

तिसरं होल खोपटीच्या मागेच. हेक्टरने पिशवीतून सात नंबर उपसलेला दिसताच कर्णा खेकसला, "हेक्टर, पाच घे! सत्तरी गाठलीस, आता तरी शहाणा हो!"

"जशी आज्ञा, बाईसाहेब!" हेक्टर ओरडला, आणि गालातल्या गालात हसत त्याने पाच नंबर घेतला.

चेंडू होलभोवतीच्या कातरलेल्या ग्रीनवरून गेला, भिंतीवरून गेला आणि पलीकडच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवत बसलेल्या पेन्शनरांच्या घोळक्यात टपकला. तिथे जी आरडाओरड झाली ती ऐकायला कर्ण्याची गरज नव्हती. हेक्टरने शांतपणे दुसरा चेंडू ठेवला, सात नंबर घेतला आणि ग्रीनच्या मधोमध उतरवला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बेकरीत पाव घ्यायला गेलेल्या सेंगाला गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "मावशी, पाच देऊ की सात?" मागची रांग खिदळली.

सेंगाला ते भलतंच झोंबलं. खोटा ठरला तो तिचा सल्ला नव्हता, बापाचा होता. दोन दिवस ती धुमसली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या जुन्या पेटीतून तिने कोन मोजायचं माप काढलं (नवरा सुतार, जाऊन नऊ वर्षं झाली होती), रुबार्बच्या मुरांब्याची बरणी घेतली आणि हेक्टरची बायको नेट्टी हिच्याकडे गेली. नेट्टी आत चहा टाकत होती तेवढ्यात सेंगाने पडवीतल्या पिशवीतला सात नंबर उचलून पात्याला माप लावलं. घरी येऊन तेच माप वडिलांच्या जुन्या पाच नंबरला लावलं. तंतोतंत बसलं.

ती एकटीच इतकी हसली की मांजर खुर्चीखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णा गरजला, "मंडळी, आता येताहेत मिस्टर लम्सडेन, पाच नंबरवर सातचा शिक्का मारून! माप लावलंय मी. कोणाला बघायचं असेल तर खोपटीत या!"

हेक्टर लालबुंद होऊन खोपटीच्या खिडकीशी आला. "मुरांबा देऊन चोरी? बरं, आकड्याचं राहू दे. हा लांब पल्ल्याचा मोठा दांडा, ड्रायव्हर, घे आणि तुझी बुटकी खुंटी करून दाखव. पोरगी होतीस तेव्हा तू आम्हा सगळ्यांपेक्षा लांब मारायचीस."

पाच-सहा माणसं जमली होती, त्यामुळे माघार घेणं शक्य नव्हतं. ड्रायव्हरचं डोकं पाहून सेंगा म्हणाली, "हे काय, दांड्याला फणस लावलाय?" तिने खुंटी खोल दाबली आणि मारला. चेंडू गवताला घासत गेला आणि पन्नास पावलांवर मेला.

"आता माझं ऐक," हेक्टर म्हणाला. "खुंटी उंच ठेव. चेंडू डाव्या टाचेसमोर घे आणि दांडा खालून वर जाऊ दे."

"हे म्हणजे झाडावरचं सफरचंद पाडणं झालं," सेंगा म्हणाली. पण त्याचं तोंड बंद करावं म्हणून तिने अगदी सांगितलं तसंच केलं.

टाळी वाजावी तसा आवाज आला. चेंडू वर, आणखी वर गेला, रस्त्याच्या खुणेचा दगड ओलांडून पलीकडे उतरला. ऐन विशीतही तिचा चेंडू त्या दगडापर्यंत गेला नव्हता. सेंगा मान वर करून बघत राहिली. हसू येत होतं आणि रागही येत होता.

"काय गं?" हेक्टरने विचारलं.

"वारा होता मागून."

"वारा समोरून आहे, सेंगा."

"मग चेंडू हलका असेल," असं म्हणून ती खोपटीत शिरली आणि दार लावून घेतलं.

चूक झाली असं ती कधीच बोलली नाही. मात्र आठवडाभरात कर्ण्यावरची भाषा बदलली. "मिस्टर पिरी, आधी दांडा दाखवा!" जुनं लाकूड दिसलं की खुंटी बुटकी, फणस दिसला की उंच. तिसऱ्या होलला ती म्हणे, "वडिलांचा असला तर पाच, जावयाचा असला तर सात." लोक आपापले दांडे उचलून खिडकीतून दाखवू लागले.

ऑगस्टमध्ये नेट्टी मुरांब्याची रिकामी बरणी परत करायला खोपटीत आली. तिला वाळू सारखी करायच्या दाताळ्यांमागे एक भलामोठा ड्रायव्हर दिसला.

"हा कोणाचा?"

"कोणीतरी विसरून गेलंय," सेंगा वहीतून डोकं न काढता म्हणाली.

"पकडीवर 'एस. इम्री' लिहिलंय की."

"हो ना," सेंगा म्हणाली, "केवढी विसराळू बाई आहे!"