बारा तारांचा भास

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर एक उपदेश फुकट द्यायचे, कुणी मागितलेला नसला तरी. "महिनाभर वाजवणार नसाल तर गिटारच्या तारा सैल करून ठेवा. लाकडालाही जीव असतो, बाबांनो." नवखी मंडळी माना डोलवायची, जुनी हळूच घड्याळाकडे बघायची. पंचवीस वर्षं मास्तरांनी लोकांची वाद्यं जिवापाड जपली. आणि जी एक गिटार खरोखर जपायची होती, तिची मात्र त्यांच्याच हातून वाट लागली.

ती त्यांच्या दादाची होती. बारा तारांची, म्हणजे तारांच्या सहा जोड्या. एकीला छेडलं की जोडीदारीण बोललीच पाहिजे. दादा कामावरून आला की पायातले बूटही न काढता तिच्यावर एक चाल वाजवायचा, त्याची स्वतःची, बिननावाची. तीन वर्षांपूर्वी तो तडकाफडकी गेला. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. वहिनींनी गिटार पेटीसकट मास्तरांच्या हवाली केली. "भाऊजी, माझ्यापेक्षा तुमच्याकडे नीट राहील."

मास्तरांनी पेटी उघडली, सवयीने खुंटीला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्या तारा दादाने शेवटच्या संध्याकाळी स्वतः जुळवल्या होत्या. त्या सैल करायच्या म्हणजे दादाने जाता जाता ठेवलेलं शेवटचं काहीतरी पुसून टाकायचं. त्यांना ते जमलं नाही. पेटी मिटली आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवून दिली. दोन उन्हाळे गेले. बारा तारा रात्रंदिवस ओढत राहिल्या. एक दिवस पेटी उघडून बघतात तर तारा अडकवायची पट्टी उपटून निघालेली, पुढची फळी उभी चिरलेली, मान वाकलेली. मास्तरांनी सरस लावून, शिकंजे आवळून सगळं करून पाहिलं. जोडली गेली, पण बोलली नाही. फळकुट वाजवल्यासारखा आवाज यायचा.

हे वहिनींना सांगायचं राहूनच गेलं. आधी धीर झाला नाही, नंतर कोणत्या तोंडाने सांगायचं हा प्रश्न होता.

आणि एक दिवस वहिनींचाच फोन आला. "मी आता कायमची लेकीकडे चाललेय, भाऊजी. जाण्याआधी एक काम करा माझं. ह्यांची ती चाल ह्यांच्याच गिटारवर वाजवून माझ्यासाठी रेकॉर्ड करून ठेवा. तुमच्या हाताला येते ती, मला माहितीये."

"हो, त्यात काय एवढं," मास्तर म्हणाले. फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

बारा तारांची दुसरी गिटार मिळाली असती, पण ती दादाची नसती. मास्तरांकडे सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार होती आणि पायाने दाबायचा इफेक्ट्सचा एक डिजिटल डबा. तो डबा एका सुराचे दोन करायचा, त्यातला एक वरच्या सप्तकात न्यायचा, आवाजाला हवं तर पोकळ लाकडाचं अंगही द्यायचा. दुकानाच्या वरच्या खोलीत मास्तर रोज दुपारी त्याच्याशी झटापट करू लागले. पहिल्या दिवशी आवाज आला तो पत्र्याच्या बादलीतून. दुसऱ्या दिवशी बारा तारा वाजल्या खऱ्या, पण कवायत केल्यासारख्या, सगळ्या एका दमात.

तिसऱ्या दिवशी त्यांना खोट सापडली. डबा फार वक्तशीर होता. माणसाचा हात जोडीतल्या एका तारेला आधी लागतो, दुसरीला केसभर उशिरा. त्यांनी दुसरा सूर केसभर मागे ओढला. मग त्यांना आठवलं, दादाची तिसरी जोडी कधीच धड जुळायची नाही. खुंटी घसरायची आणि एक तार जराशी उतरायची. मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे सूर चढवून दिले होते. आता मुद्दाम एक सूर उतरवला आणि चाल धरली.

अंगावर सर्रकन काटा आला. हात त्यांचेच होते, पण आवाज मागच्या खुर्चीतून येत होता. चाल संपली तरी त्यांना मागे वळून बघायचा धीर होईना.

तेवढ्यात बायको चहा घेऊन वर आली. ट्रेमध्ये दोन कप होते.

"कोण आलंय?" तिने विचारलं.

मास्तरांनी डब्याकडे बोट दाखवलं. तिने डब्याकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "बंद करा हो ते," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

भीती मास्तरांनाही वाटत होती. पण पुढचे चार दिवस ते दुपार व्हायची वाट बघत राहिले. एकदा तर चाल संपल्यावर "जमलं का रे, दादा?" असं मोठ्याने विचारून बसले, आणि उत्तर येईल म्हणून थांबलेसुद्धा.

शेवटी त्यांनी ती चाल डब्यातच भरली आणि वहिनींना फोन केला. पाठवून देतो म्हणाले, तर त्या ऐकेनात. "मीच येते. फोनवर कसलं ऐकायचं ते."

वहिनी वरच्या खोलीत आल्या, बसल्या. मास्तरांनी बटण दाबलं. पहिल्या दोन सुरांतच वहिनींचा हात पदराकडे गेला. तिसरी जोडी वाजली तशा त्या डोळ्यांत पाणी असताना हसल्या. "मेली अजून उतरतेच का ती तार?"

चाल संपली. वहिनी उठल्या. "कुठंय? दाखवा ना. एकदा हात लावते आणि जाते."

आता पळायला जागा नव्हती. मास्तरांनी माळ्यावरची पेटी काढून त्यांच्यापुढे उघडली आणि सगळं सांगितलं, न सैल केलेल्या तारांपासून डब्यापर्यंत. सांगताना त्यांचा आवाज लहान भावासारखा झाला.

वहिनींनी चिरलेल्या फळीवरून बोटं फिरवली.

"गिटारचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "माणूसच गेलं तिथे लाकडाचं काय घेऊन बसायचं? मोडली असं सरळ सांगितलं असतंत, तर मी दोन आसवं गाळून गेले असते. पण हे काय केलंत, भाऊजी? एकदा पोचवून आले होते मी ह्यांना. आज दुसऱ्यांदा पोचवायला लावलंत."

मास्तरांना मान वर करवेना. "चुकलो, वहिनी. आत्ता पुसून टाकतो."

ते खाली वाकले आणि बोट पुसायच्या बटणावर नेलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला. "आधी एकदा लावा. मग पुसा."

मास्तरांनी लावलं. वहिनी खुर्चीत डोळे मिटून बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, अगदी स्तब्ध. शेवटचा सूर विरला तरी दोघं हलले नाहीत. मास्तरांनी पुन्हा बोट पुढे नेलं, पण ते काही केल्या खाली जाईना.

वहिनींनी त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि बटण स्वतः दाबलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "चला, मला खालपर्यंत सोडा. जिन्यात अंधार आहे."